केरोबा पारखून आणतो

एका गावात एक भोळा माणूस होता, एवढेच म्हणून थांबलो तर चिंचखोऱ्याचे लोक हरकत घेतील. ते म्हणतील, भोळे आम्ही. केरोबा त्यांच्याही चार पावले पुढे होता.

केरोबा मनाने निर्मळ होता. पहाटे स्नान करी, तुळशीला पाणी घाली, कोणाचे कधी वाईट चिंतीत नसे. लहानपणी त्याला कोणी सांगितले होते की देवापुढे डोळे मिटून उभे राहावे. चूक होऊ नये म्हणून तो घरूनच डोळे मिटून निघाला. वाटेत पाटलांची म्हैस बसली होती. तिला त्याने साष्टांग नमस्कार घातला आणि घरी येऊन आनंदाने सांगितले, "लोक देवावर चवरी ढाळतात. आज देवानं माझ्या तोंडावरून चवरी ढाळली. जरा जोरात ढाळली."

असा केरोबा. एकदा सांगितलेले तो कधी विसरत नसे. सगळी पंचाईत तीच होती.

त्याची बायको सगुणाबाई शहाणी होती, आणि तिच्या मनात आठ वर्षांपासून एक इच्छा होती. शेजारच्या गावी अनंतबुवा नावाचे कीर्तनकार राहत. एकादशीचा कडक उपवास करीत आणि द्वादशीला सकाळी कोणा एका घरी पारणे सोडीत. त्यांची अट एकच असे. ज्या मातीला रासायनिक खत घातलेले नाही आणि ज्या पिकावर औषध फवारलेले नाही, तेच अन्न पानात हवे. ते म्हणत, "देवाला विष दाखवायचं आणि त्याला नैवेद्य म्हणायचं, हे आपल्याच्यानं होणार नाही."

चिंचखोऱ्यातल्या बहुतेक घरी बुवा जेवून गेले होते. शेजारच्या द्वारकावहिनींकडे तर तीनदा. केरोबाच्या घरचे आमंत्रण तेवढे दर वर्षी मागे पडे. केरोबा बाजारातून काय घेऊन येईल याचा भरवसा कोण देणार? अखेर श्रावणात बुवांनी होकार दिला. पंधरा दिवसांनी येणाऱ्या द्वादशीचे पारणे सगुणाबाईंच्या घरी.

सगुणाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी देवाजवळ दिवा लावला आणि संकल्प सोडला. "पाहुण्याच्या पानात शुद्ध आणि आपल्या पानात कसंही, असं नको. आजपासून रोजचं जेवणसुद्धा तसंच करायचं." संकल्प सोडून उठल्या, आनंदाच्या भरात उंबऱ्याला अडखळल्या आणि पाय मुरगळून खाली बसल्या.

आता बाजारहाट करायचा कोणी? केरोबाने.

कुंपणापलीकडून द्वारकावहिनींनी मान वर काढली. "सगुणा, पाय दुखावला का गं? काही काळजी करू नकोस. द्वादशीला तुमच्याकडं काही कमीजास्त झालं, तर मी आपला पाट मांडून ठेवते. बुवा काय, दहा पावलांवर तर येतील."

"नका हो तसदी घेऊ," सगुणाबाई म्हणाल्या.

"तसदी कसली! पाट धुतलेलाच आहे."

सगुणाबाईंनी नवऱ्याला जवळ बोलावले. "अहो, हे आठ वर्षांचं काम आहे. नीट ऐका. बाजारात चकचकीत, एकसारखी, डाग नसलेली भाजी दिसेल. तिला हात लावू नका. तिच्यावर औषध मारलेलं असतं. किडीनं खाल्लेली भाजी घ्या. जिथं किडा जगतो तिथं माणूसही जगतो."

"किडीनं खाल्लेली," केरोबा म्हणाला. "लक्षात राहिलं."

आठवडी बाजारात तो पहिल्या भाजीवालीपाशी थांबला. पालक हिरवागार होता.

"मावशी, ही किडीनं खाल्ली आहे का?"

"नाही हो बाबा! एक पान खराब निघालं तर सगळी जुडी परत घेईन."

"मग नको."

दुसरीकडे मेथी होती. तिला दोन-चार भोके होती. केरोबाने विचार केला, दोन भोकांची शुद्ध असेल, तर वीस भोकांची किती शुद्ध असेल! तो पुढे गेला. बाजाराच्या टोकाला शेळ्यांसाठी टाकून दिलेला मुळ्याचा पाला होता. पाला कसला, नुसत्या शिरा उरल्या होत्या. केरोबाचे डोळे लकाकले. त्याने तो भारा उचलला आणि त्यावरचा एक लठ्ठ हिरवा किडा अलगद टोपीत ठेवला.

घरी आल्यावर सगुणाबाईंनी भारा उलटापालटा केला. "अहो, भाजी कुठंय?"

"किडीनं खाल्ली."

"आणि हे काय आणलंत?"

"किडीनं खाल्लेली भाजी. सगळ्या बाजारात हिच्याइतकी खाल्लेली दुसरी नव्हती. आणि हा बघ, खाणारा." त्याने टोपी काढून दाखवली. "हा जगतोय. आपणही जगू."

सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एखाददुसरं भोक असावं! एक-दोन भोकं दिसली की पुरे."

"एक-दोन भोकं. बरं झालं सांगितलंस. पुढच्या वेळी तसंच करीन."

त्या किड्याला उपाशी कसे ठेवायचे, म्हणून केरोबाने त्याला अंगणातल्या तुळशीवर नेऊन सोडले. त्या दिवशी दोघांनी ताक-भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी घरातले तेल संपले. सगुणाबाई म्हणाल्या, "लाकडी घाण्यावर जा. शेंगदाण्याचं तेल आणा. आपली किटली गळकी झाली आहे, तेव्हा जाताना एक नवी घ्या."

केरोबा भांड्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराने नवी किटली पुढे केली. तिच्यात तोंड दिसत होते.

"चकचकीत आहे," केरोबा तिला दूर सारीत म्हणाला. "ही नको. एक-दोन भोकं असलेली दाखवा."

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "भोकं असलेली?"

"फार नकोत. मागच्या वेळी फार झाली होती."

दुकानदार आत गेला आणि मोडीत काढलेली एक किटली घेऊन आला. तिच्या बुडाला दोन भोके होती. केरोबाने ती उन्हात धरून मोजून घेतली. "बरोबर दोन! देव तुमचं भलं करो."

घाण्यावर त्याने किटली काठोकाठ भरून घेतली आणि नामस्मरण करीत घरची वाट धरली. त्याच्यामागे तेलाची दोन बारीक धारा रस्त्यावर रेघा ओढीत आल्या. त्या रेघांवर आधी मुंग्या आल्या. मग कुत्री आली. घरी पोचला तेव्हा किटली फुलासारखी हलकी झाली होती आणि गावची अकरा कुत्री ओठ चाटीत एका ओळीत उभी होती.

"अगं, हे तेल किती हलकं आहे बघ," केरोबा म्हणाला. "पचायला उत्तम असणार."

सगुणाबाईंनी किटलीत पाहिले. किटलीतून त्यांना अंगण दिसले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, भोकं पानाला बघायची! तेल घेताना तेलाची पारख करायची. घाण्याचं तेल रंगानं गडद असतं, त्याला वास असतो. फिकट आणि बिनवासाचं असेल तर समजावं, कारखान्यात धुतलंय."

"गडद रंग आणि वास. बरं झालं सांगितलंस. पुढच्या वेळी तसंच करीन."

अकरा कुत्र्यांनी मात्र तेव्हापासून केरोबाची पाठ सोडली नाही. तो निघाला की ती निघत. तो थांबला की ती बसत आणि त्याच्या हाताकडे भक्तिभावाने पाहत.

आठवडा गेला. सगुणाबाईंना खिरीचा सराव करून पाहायचा होता. त्या म्हणाल्या, "ओढ्यापलीकडं यमाजीचा मळा आहे. तो खत-औषधाचं नाव घेत नाही. त्याच्या गाईंना घरचाच चारा असतो. तिथून तांब्याभर दूध आणा."

केरोबा मळ्यावर गेला. यमाजीने नुकतेच काढलेले धारोष्ण दूध पुढे केले. केरोबाने आत डोकावून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"यमाजी, हे तर पांढरं आहे."

"दूध आहे, केरोबा."

केरोबाने नाक जवळ नेले. "वासही नाही. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. धुतलंस ना?"

"काय धुतलं?"

"दूध."

यमाजी शेतकरी माणूस. तो बैलाकडे पाहू लागला. एवढ्यात केरोबाला गोठ्याशेजारी एक पिंप दिसले. पिंपात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून आठवडाभर आंबवलेले होते. रंग गडद तपकिरी. वास असा की ओढ्यापलीकडचा बगळा उडून गेला.

"हे काय आहे?"

"ते जीवामृत. मळ्यातलं सगळं त्याच्यावरच पिकतं."

"हे दे," केरोबा म्हणाला. "अस्सल दिसतंय."

यमाजीला वाटले, केरोबाने परसात वाफा केला असेल. त्याने आनंदाने तांब्या भरून दिला. परतीच्या वाटेवर अकरा कुत्रीसुद्धा वीस पावले मागून चालत होती.

सगुणाबाई पाय शेकीत पडल्या होत्या. त्यांना उठवायचे कशाला, म्हणून केरोबाने स्वतःच पातेले चुलीवर चढवले, त्यात जीवामृत ओतले, शेवया घातल्या, आणि वेलची कुटायला बसला. पहिली उकळी आली तेव्हा कुंपणापलीकडून द्वारकावहिनींचा आवाज आला.

"सगुणा! तुमच्याकडं काय मेलंय गं?"

"खीर करतोय वहिनी!" केरोबाने उत्तर दिले. "बुवांसाठी शिकतोय!"

द्वारकावहिनींच्या अंगणातून दुसरा पाट धुतल्याचा आवाज आला.

सगुणाबाई एका पायावर उड्या मारीत स्वयंपाकघरात आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी पातेले बाहेर नेऊन परसातल्या मातीत ओतले आणि मग कपाळाला हात लावला. "अहो, हे मातीचं जेवण! माणसाचं नव्हे! काय बाई सांगू तुम्हाला! आधी माती जेवते. तिचं पोट भरलं की ती पीक देते. मग माणूस जेवतो. आधी माती, मग माणूस. हा क्रम कधी चुकवायचा नाही."

केरोबा गंभीर झाला. त्याने दोन वेळा पुटपुटून पाहिले. "आधी माती, मग माणूस. एवढी मोठी गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती. बरं झालं सांगितलंस."

द्वादशी दोन दिवसांवर आली. आता मात्र सगुणाबाईंनी ठरवले की अर्धवट काही सांगायचे नाही. नवऱ्याला समोर बसवून त्यांनी पारखीचे सगळे शास्त्र सांगितले.

"भेंडीचा शेंडा मोडून पाहा. कटकन मोडला की कोवळी. नारळ दोन्ही हातांत धरून कानाशी हलवा, आत पाणी वाजलं पाहिजे. भोपळ्यावर टिचकी मारा, घुमला की पिकलेला. पानाला एक-दोन भोकं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं. कुठं वाढलं, त्याला खायला काय घातलं, हे विचारल्याशिवाय कोणतीही गोष्ट उंबऱ्याच्या आत आणायची नाही. कोणतीही!"

"कोणतीही," केरोबा म्हणाला.

तो यमाजीच्या मळ्यावर गेला. एकेक भेंडी मोडून घेतली. नारळ कानाशी हलवले. भोपळ्यावर टिचकी मारून डोळे मिटून ऐकत राहिला. अळूच्या प्रत्येक पानाची भोके मोजली. तांदूळ कुठे पिकले, गुळाला रंग कोणी दिला, गहू काय खाऊन वाढला, सगळे विचारले. यमाजीने सगळे सांगितले. न राहवून शेवटी दुधाचा तांब्याही भरून दिला आणि बजावले, "हे पांढरं असतं. असंच असतं."

केरोबा घरी आला. सगुणाबाईंनी पिशवी उघडली. भेंडी भेंडीसारखी होती. भोपळा भोपळ्यासारखा होता. दूध पांढरे होते. त्यांनी पिशवी पुन्हा एकदा तपासली. मग त्या देवघरापुढे जाऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

केरोबा घाबरला. "काय चुकलं?"

"काहीच नाही हो," सगुणाबाई म्हणाल्या. "काहीच चुकलं नाही."

त्या दिवशी त्यांनी कपाळाला हात लावला नाही. केरोबाने त्यांच्या हाताकडे बराच वेळ पाहिले. हात मांडीवरच होता. लग्नाला एवढी वर्षे झाली, पण इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

द्वादशी उजाडली. ती तिथी सकाळी नऊच्या सुमारास सरत होती. त्याच्या आत बुवांच्या मुखात अन्न पडायला हवे होते. सगुणाबाईंनी पहाटे उठून लंगडत लंगडत स्वयंपाक केला. हातसडीचा भात, वरण, अळूची भाजी, भेंडी, भोपळ्याचे भरीत, नारळाची चटणी, पोळ्या आणि खीर. या वेळच्या खिरीला वेलचीचा वास होता.

"जा आता," त्या म्हणाल्या, "वेशीवर बुवा येतील. त्यांना सन्मानानं घरात आणा."

केरोबा निघाला. मागून अकरा कुत्री निघाली. वेशीवरच्या चिंचेखाली अनंतबुवा उभे होते. स्नान झालेले, धोतर-उपरणे पांढरेशुभ्र, कपाळी गंध, डोक्याचा गोटा उन्हात लखलखणारा. अंगावर कुठे एक डाग नव्हता.

केरोबा थबकला. हे तर चकचकीत होते!

"राम कृष्ण हरी, केरोबा," बुवा म्हणाले. "चला, वेळ थोडा आहे."

"राम कृष्ण हरी. बुवा, रागावू नका," केरोबा हात जोडून म्हणाला. "विचारल्याशिवाय कोणतीही गोष्ट उंबऱ्याच्या आत न्यायची नाही, असं घरून बजावलंय. आपण वाढलात कुठं?"

बुवांना वाटले, श्रद्धेने विचारतो आहे. "नदीकाठच्या मठात."

"नदीकाठ. ओलावा चांगला. आणि खायला काय घातलंय?"

"काल एकादशी होती. कालपासून काहीच नाही."

"म्हणजे खतच नाही!" केरोबाचा चेहरा उजळला. "आता भोकं."

"काय?"

केरोबाने बुवांभोवती एक प्रदक्षिणा घातली. धोतराला भोक नव्हते. उपरण्याला नव्हते. त्याला घाम फुटला. मग त्याची नजर बुवांच्या कानांकडे गेली. लहानपणी टोचलेल्या दोन्ही पाळ्यांना एकेक भोक होते.

"एक आणि दोन! पुरेत!" असे म्हणून त्याने बुवांचे दोन्ही कान धरले, आपला कान त्यांच्या पोटाला लावला आणि त्यांना गदागदा हलवले. बुवा पहाटे तांब्याभर पाणी प्यायले होते. ते वाजले.

"पाणी आहे," केरोबा म्हणाला. मग त्याने बुवांच्या तर्जनीचे टोक धरून वाकवले. बोट कटकन वाजले. "कोवळे आहेत." शेवटी पायांच्या चवड्यांवर उभे राहून त्याने बुवांच्या टकलावर टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकले. "घुमतंय. पिकलेलेही आहेत."

बुवा चाळीस वर्षे कीर्तन करीत होते. अहंकार सोडावा, असे त्यांनी हजारो लोकांना सांगितले होते. इतक्या झटपट सोडायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. ते कुत्र्यांकडे पाहत एवढेच म्हणाले, "माउली, आता निघायचं का?"

"निघायचं. माल उत्तम आहे."

पुढे केरोबा, मागे कान चोळीत बुवा, त्यांच्यामागे अकरा कुत्री, असे सगळे घरी पोचले. दारातूनच केरोबाने आरोळी दिली, "सगुणे! सगळं तपासून घेतलं. बुवांवर औषध मारलेलं नाही!"

सगुणाबाईंचा हात कपाळाकडे निघाला होता, पण बुवा समोर आहेत असे पाहून त्यांनी त्याच हाताने नमस्कार केला. बुवा ओसरीवर पूजेला बसले. सगुणाबाई त्यांच्याजवळ फुले घेऊन बसल्या, कारण पूजेत दुसऱ्या कोणाला बसवायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी नवऱ्याला हलक्या आवाजात सांगितले, "पूजा होईतो तुम्ही जेवणाचं बघा. क्रम तेवढा चुकवू नका. आणि बुवा पोटभर जेवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाता कामा नयेत. द्वारकावहिनी टपून बसल्या आहेत."

"क्रम चुकवणार नाही," केरोबा म्हणाला. "आणि जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही."

ओसरीवर घंटा वाजत होती. बाहेर ऊन वर चढत होते. बुवांनी आरती केली, तीर्थ घेतले, आकाशाकडे पाहिले. "सगुणाबाई, अर्धी घटका उरली आहे. पान वाढा."

सगुणाबाई स्वयंपाकघरात गेल्या. भाताचे पातेले नव्हते. वरणाचे नव्हते. पोळ्यांचा डबा नव्हता. खीर नव्हती. जागेवर फक्त चूल होती.

"अहो!"

परसातून उत्तर आले. "गप्प! जेवतेय ती!"

सगुणाबाई एका पायावर आणि बुवा दोन पायांवर परसाकडे धावले. तिथे मातीचा एक वाफा होता. त्याच्याभोवती केरोबाने रांगोळी घातली होती, उदबत्ती लावली होती. वाफ्यात केळीचे पान मांडून त्यावर सगळा भात, सगळे वरण, अळू, भेंडी, भरीत, चटणी आणि पोळ्या वाढून वरून हाताने माती लोटली होती. केरोबा मांडी घालून पंख्याने वारा घालीत होता आणि खिरीचे पातेले हळूहळू रिकामे करीत होता.

"संकोच करू नकोस," तो मातीला म्हणत होता. "अजून एक वाटी घे. नाही म्हणायचं नाही. घरचीच आहे."

"अहो, हे काय केलंत!" सगुणाबाई मटकन खाली बसल्या.

केरोबा अभिमानाने वळला. "क्रम चुकवला नाही! आधी माती, मग माणूस. आणि काय जेवली म्हणून सांगू! खीर तर ओतली की गडप!"

कुंपणावर द्वारकावहिनी केव्हापासून उभ्या होत्या. "बुवा! बुवा! इकडं या! दोन पाट मांडलेत, पान वाढून तयार आहे!"

सगुणाबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. एक पुरला नाही. आठ वर्षे मातीत गेली होती आणि वर माती लोटलेली होती.

बुवा वाफ्याकडे पाहत होते. त्यांचे उपरणे थरथरू लागले. मग पोट हलू लागले, त्यातले पाणी पुन्हा वाजले, आणि बुवा हसत सुटले. हसता हसता ते अंगणातल्या तुळशीपाशी गेले, हात जोडले आणि, द्वादशीला तुळस तोडायची नसते म्हणून, बुडाशी गळून पडलेले एक पान उचलले. त्या पानाला बरोबर मधोमध एक भोक होते. वरच्या फांदीवर केरोबाचा लठ्ठ किडा झोपला होता.

"सगुणाबाई," बुवा म्हणाले, "या तुळशीला कधी औषध मारलंत?"

"छे हो बुवा. पाण्याशिवाय काही नाही."

"मग याहून शुद्ध अन्न मला कुठं मिळणार?" त्यांनी देवाचे नाव घेऊन ते पान मुखात घातले आणि वर पळीभर पाणी घेतले. "द्वादशी सरायच्या आत पारणं झालं. तुमच्या अंगणात, तुमच्या घरच्या अन्नानं झालं. द्वारकाबाई, ऐकलंत ना? पारणं इथं झालं."

सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. मुरगळलेला पाय त्या विसरूनच गेल्या. आठ वर्षांची इच्छा एका पानावर पुरी झाली होती.

"आता भूक मात्र सडकून लागली आहे," बुवा म्हणाले. "पारण्याचा मान तुमचा. चार घास द्वारकाबाईंकडं खाऊन येतो." असे म्हणून ते अंगणाच्या दाराकडे वळले.

दाराला आतून कुलूप होते. कुलपापुढे केरोबा उभा होता. बाहेर द्वारकावहिनी कडी वाजवीत होत्या आणि त्यांना अकरा कुत्री साथ देत होती.

"केरोबा, दार उघडा," बुवा म्हणाले.

"कसं उघडू, बुवा? आपण पोटभर जेवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असं घरून बजावलंय."

"मग वाढा तरी काहीतरी!"

"वाढतो ना!" केरोबाने पाट पुसला, मांडला, बुवांना हाताला धरून त्यावर बसवले आणि पुढे स्वच्छ पान ठेवले. "आता उशीर तो काय! माती आत्ताच पोटभर जेवली आहे. भेंडीला दीड महिना, भोपळ्याला तीन. तोवर आपण श्लोक म्हणा."

मग त्याला एक शंका आली. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि तो बायकोकडे वळून काळजीने म्हणाला, "सगुणे, भाताला किती महिने लागतात गं? घरी आलेल्या माणसाला नुसती भाजी कशी वाढायची?"